क्रीडा अकादमी, सर आणि आपली मुलं : सही करण्याआधी काय विचारायचं?

सायंतारा

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज लिहितेय.

मुलगी तेरा वर्षांची. चौथीपासून जिम्नॅस्टिक्स करते. जिल्हा झाला, विभाग झाला, आता राज्य स्पर्धेसाठी निवड झालीय. स्पर्धा परगावी, चार रात्रींचा मुक्काम. अकादमीने व्हॉट्सअॅप ग्रुपवर संमतिपत्र टाकलंय. त्यात नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, ट्रॅकसूटचं माप, आणि खाली बारीक अक्षरात : 'प्रवास व निवासादरम्यान घडणाऱ्या कोणत्याही घटनेस संस्था जबाबदार राहणार नाही. पालकांनी स्पर्धास्थळी येऊ नये, मुलांचे लक्ष विचलित होते.' राहायची सोय कुठे, खोलीत कोण कोण, मुलींसोबत बाई कोण, एक अक्षर नाही. मी ग्रुपवर विचारलं, 'सर, लेडी मॅनेजर कोण आहेत?' उत्तर नाही. पण दुसऱ्या एका आईचा खासगीत मेसेज आला : 'अगं, असं चारचौघांत विचारलंस तर सरांना वाटेल संशय घेतेय. निवडीच्या वेळी कशाला?'

दुसरी गोष्ट. सर मुलींना वैयक्तिक मेसेज करतात, रात्री दहानंतरही. मुलीने स्वतःहून फोन दाखवला. वावगं म्हणावं असं काही नाही. 'आज बीमवर मस्त झालं', 'वजन बघ, भात बंद कर', 'तुला कॅप्टन करायचं चाललंय, घरी सांगू नकोस एवढ्यात'. या शेवटच्या वाक्यापाशी मी अडकलेय.

सरांनी आमची दोन महिन्यांची फी न मागता माफ केली होती, हेही सांगायला हवं. मला कुणावर आरोप करायचा नाहीये. काय विचारायचं, कुणाला विचारायचं, आणि विचारलं म्हणून पोरीचं नाव संघातून जाणार नाही हे कसं बघायचं, एवढंच हवंय.

मैत्रेयी

लेडी मॅनेजर नाही तर सही नाही. विषय संपला.

खडूस काका

विषय कसा संपला? हल्ली प्रत्येक सरांकडे संशयाने बघायची टूम निघालीय. माझे दोन्ही मुलगे खो-खो खेळले. सरांनी त्यांना स्वतःच्या घरचा डबा खाऊ घातला, स्पर्धेला स्वतःच्या खिशातून तिकिटं काढून नेलं. तुटपुंज्या मानधनावर उन्हातान्हात उभी राहणारी ही माणसं. त्यांना तुम्ही पोलीस ठाण्याची भाषा सुनावणार असाल, तर उद्या मैदानावर शिट्टी वाजवायला कुणी उरणार नाही. मेसेजमध्ये वावगं काही नाही असं ताई स्वतःच म्हणतायत.

पाऊलवाट

काका, डबा खाऊ घालणाऱ्या सरांबद्दल आदर आहेच. पण 'घरी सांगू नकोस' हे वाक्य मला तरी साधं वाटत नाही. कॅप्टन करायचं ही आनंदाची बातमी. ती लपवायला सांगण्याचं कारण काय? मूल एकदा लहानसं गुपित सांभाळायला शिकलं की मोठं सांभाळायला लावणं सोपं जातं. सरांच्या मनात तसं काही नसेलही. पण सवय वाईट आहे, आणि ती मोडायला सरांच्या मनात शिरायची गरज नाही.

मिशिगनवासी

मी ईस्ट लान्सिंगला राहतो. लॅरी नासर प्रकरण आमच्या गावातलं, मिशिगन स्टेट विद्यापीठातलं. भारतात त्याच्या बातम्या 'ऑलिंपिक डॉक्टरला जन्मभराची कैद' एवढ्यावर संपल्या, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. सायंताराताईंच्या संमतिपत्रातली एक ओळ वाचून मी चमकलो.

नासर हा अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. उपचाराच्या नावाखाली तो मुलींवर लैंगिक अत्याचार करायचा. राष्ट्रीय शिबिरं टेक्ससमधल्या कारोली रँचवर व्हायची. जंगलात आडबाजूला, मोबाइलला धड रेंज नाही, आणि पालकांना आत येऊ देत नसत. कारण हेच : लक्ष विचलित होतं. प्रशिक्षक इतके कडक की मुली चार घास खायलाही घाबरायच्या. दुखलं म्हणून सांगायची सोय नाही. अशा ठिकाणी हा डॉक्टर चोरून गोळ्या-चॉकलेटं द्यायचा, हसून बोलायचा, घरच्यांची चौकशी करायचा. पोरींना तो एकटाच आपला वाटायचा. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही आहे. शिवीगाळ करणारा कोच आणि अत्याचार करणारा डॉक्टर या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. पहिल्याने पोरींची तोंडं बंद केली, दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला. म्हणून 'भात बंद कर'वालं वाक्यही मला तितकंच खटकलं. तेरा वर्षांच्या मुलीचा आहार आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर ठरवतील, कोच मेसेजवर नाही.

आणखी एक. कित्येक वेळा तपासणीच्या खोलीत मुलीची आई हजर असायची. नासर मध्ये असा उभा राहायचा की तिला दिसू नये, आणि तिच्याशी गप्पाही चालू ठेवायचा. म्हणजे 'मी तिथेच होते' हेही पुरत नाही.

तक्रारी झाल्या नव्हत्या असं नाही. १९९७ मध्येच विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिकेला आपण सांगितलं होतं, असं एका खेळाडूने पुढे जाहीरपणे सांगितलं. २०१४ मध्ये विद्यापीठाने एका तक्रारीची चौकशी केली आणि 'ही वैद्यकीय पद्धत आहे' म्हणून त्याला मोकळं सोडलं. २०१५ च्या जुलैत एफबीआयला कळवलं गेलं, तिथे फाइल पडून राहिली. शेवटी २०१६ मध्ये इंडियानापोलिस स्टार या वर्तमानपत्राने अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या दडपादडपीवर बातमी छापली, ती वाचून रेचल डेनहॉलंडर ही माजी खेळाडू नाव लावून पुढे आली, आणि बांध फुटला. २०१८ च्या जानेवारीत शिक्षेच्या सुनावणीत १५६ जणींची निवेदनं झाली, सात दिवस. शिक्षा ४० ते १७५ वर्षं. विद्यापीठाने ५० कोटी डॉलर भरपाई मान्य केली.

तोवर त्याला 'फार चांगला माणूस' म्हणणारी सगळीच माणसं खोटारडी नव्हती. त्यांना तो खरंच चांगला दिसत होता.

मैत्रेयी

आईसमोर??? पुढे वाचवेना मला.

मैदानी

मी स्वतः प्रशिक्षक आहे, मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स. सतरा वेळा लिहून खोडलं, आता टाकतोच.

काकांचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. आमच्या खेळात हात लावल्याशिवाय शिकवता येत नाही. मागची कोलांटी शिकवताना कंबरेला आणि पाठीला आधार दिला नाही तर पोरगी मानेवर पडेल. तेव्हा 'कोचने स्पर्शच करू नये' असा नियम कुणी सुचवत असेल तर त्याने एकदा मॅटवर येऊन बघावं. पण याच कारणासाठी नियम आम्हाला जास्त लागतात. मी काय करतो ते सांगतो. नवीन कौशल्य असेल तर आधी सगळ्या गटासमोर दाखवतो : हात इथे आणि इथे येणार, का येणार. मग ज्याची पाळी त्याला विचारतो, 'धरू का?' मोठ्या मुलींना आधार द्यायला शिकवलंय, लहान मुलींना बहुतेक वेळा त्याच धरतात. हात घसरला, नको तिथे लागला, तर तिथल्या तिथे मोठ्याने 'सॉरी, हात सटकला' म्हणायचं. पोरांनाही कळतं की हे असं बोलता येतं.

मालिश, टेपिंग, ताण काढून देणं, हे मी बंद दाराआड कधीच करत नाही, आणि मुलींचं तर करतच नाही. स्नायू धरला तर फिजिओ आणि पालक.

वैयक्तिक मेसेज : नाही. ग्रुपवर लिहितो, किंवा पालकांना टाकून त्रिकुटाचा ग्रुप करतो. यात माझाच बचाव आहे. उद्या कुणी खोटं बोललं तर दाखवायला माझ्याकडे काहीतरी असतं. जे सर 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणून रागावतात त्यांना मी एकच सांगतो, की बाबा रे, नियम तुझ्यासाठी पण आहे.

आणि पालकांनो, एक तुमच्याबद्दल. निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात तुम्ही लोक जे आमच्यापुढे वाकता ना, मिठाईचे डबे काय, 'सर तुम्ही म्हणाल तसं' काय, ते पोरं बघत असतात. त्यांना त्यातून काय कळतं? की या माणसापुढे आईबाबांचंही काही चालत नाही.

पाऊलवाट

मैदानी, शेवटच्या परिच्छेदासाठी उभं राहून टाळ्या.

यात भर घालते. कोचच्या हातात काय काय असतं ते बघा. संघातली जागा. राज्य-राष्ट्रीय पातळीचं प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. ग्रामीण भागातल्या मुलीसाठी तर खेळ म्हणजे घराबाहेर पडायचा एकमेव परवाना. तिने तक्रार केली की पहिली शिक्षा तिलाच : 'बंद कर तुझं ते मैदान.' तिला हे माहीत असतं. म्हणून ती बोलत नाही.

लाल माती

मुलींबद्दल सगळे बोलताय, मुलांचं काय?

मी कोल्हापूरच्या बाजूचा, तालमीत राहिलेला. वस्तादांनी घडवलं, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण छडी होती. मेहनतीला उशीर झाला की पाठीवर वळ. घरी सांगितलं तर वडील म्हणायचे, मार खाल्ल्याशिवाय पैलवान होतो का? आणि मुक्कामी तालमीत एक रिवाज असतो, नव्या पोरांनी मोठ्या पैलवानांची कामं करायची. पाणी भरायचं, लंगोट धुवायचे, बदाम वाटायचे, रात्री अंग चेपून द्यायचं. बहुतेक ठिकाणी त्यात काही वाईट नसतं. पण दहा-बारा वर्षांचं पोर, रात्रीची वेळ, आणि 'मोठ्याला नाही म्हणायचं नाही' हा शिरस्ता. एखादा मोठा वाईट निघाला तर त्या पोराने काय करायचं? कुणाला सांगायचं? वस्ताद वर झोपलेले असतात.

मी माझ्या पोराला तालमीत घालताना वस्तादांना सरळ म्हटलं, पोर मेहनत करील, झाडलोट करील, पण अंग चेपणार नाही आणि मोठ्यांच्या खोलीत झोपणार नाही. वस्ताद हसले. म्हणाले, बरं. एवढंच. काही आभाळ कोसळलं नाही.

वकीलीण

लाल माती यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, तोही मुलगा-मुलगी भेद करत नाही, १८ वर्षांखालचं कुणीही 'बालक'.

आता कायद्याचं बघू. धाग्यावर गोंधळ होऊ नये म्हणून आधीच सांगते : रात्रीचे 'छान झालं' असे मेसेज हा गुन्हा नाही. पोक्सोमध्ये मुलाशी वारंवार संपर्क साधणं लैंगिक छळात मोडतं, पण लैंगिक हेतू असेल तर. तेव्हा आजची सायंताराताईंची लढाई पोलिसांकडे न्यायची नाही, संस्थेच्या नियमांची आहे.

नियमांसाठी मात्र कायद्याचा भक्कम आधार आहे, फक्त फार कुणी वापरत नाही. पोक्सोचे २०२० चे नियम काढा, नियम ३ वाचा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांमध्ये शाळा, पाळणाघरं यांच्या जोडीला क्रीडा अकादमींचा नाव घेऊन उल्लेख आहे. अशा प्रत्येक संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की गाडी चालवणारा, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची आहे. म्हणजे 'पडताळणी केलीय का' हा प्रश्न म्हणजे संशय नव्हे, कायद्याने त्यांनी करायचंच असलेलं काम.

दुसरं, कलम १९. गुन्हा घडल्याचं माहीत असेल, किंवा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'प्रत्येकाने' म्हणजे सहायक कोच, फिजिओ, क्लबचे सचिव, सगळे. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. 'क्लबची बदनामी नको, आपण आपसात मिटवू' म्हणणारे पदाधिकारी स्वतःच गुन्हा करत असतात, हे त्यांना लेखी कळवा. फार परिणामकारक ठरतं.

तिसरं, ती संमतिपत्रातली 'जबाबदार राहणार नाही' ओळ. त्यावर तुम्ही शंभर सह्या केल्या तरी पोक्सोखालची जबाबदारी उडून जात नाही. ती ओळ खोडून सही करा, खोडल्याजवळ छोटी सही आणि तारीख घाला, आणि फोटो काढून ठेवा.

आणि ज्यांच्या घरी खरोखर काही घडलंय त्यांच्यासाठी : मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची अधिकारी घेते, गणवेशात नसते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नाव कुठेही छापता येत नाही. मदतीसाठी मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे, तातडी असेल तर ११२. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, 'मग त्याने असं केलं का?' असं तर नकोच. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

खडूस काका

वकीलबाई, कायदा कळला. पण हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात कोण ऐकतं?

पाऊलवाट

काका, तुमच्या प्रश्नाला आपल्याकडचं जुनं उत्तर आहे, आणि ते वाईट आहे. रुचिका गिरहोत्रा आठवते? पंचकुला, ऑगस्ट १९९०. चौदा वर्षांची टेनिस शिकणारी मुलगी. विनयभंग करणारा एस. पी. एस. राठोड हा हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षकही. म्हणजे तक्रार ज्या दोन दारांत करायची त्या दोन्ही दारांत तोच उभा. मुलगी बोलली. मग काय झालं? शाळेने तिलाच काढून टाकलं. भावावर गाडीचोरीचे एकामागून एक गुन्हे लागले. १९९३ च्या डिसेंबरात तिने जीव दिला. गुन्हा नोंदवायला १९९९ उजाडलं, शिक्षा लागली २००९ मध्ये : सहा महिने आणि हजार रुपये दंड. पुढे ती दीड वर्षाची झाली, आणि सर्वोच्च न्यायालयात भोगलेल्या शिक्षेवर भागलं. इतकी वर्षं हे प्रकरण जिवंत राहिलं ते तिची मैत्रीण साक्षीदार म्हणून ठाम राहिली आणि त्या मैत्रिणीचे आईवडील हटले नाहीत म्हणून.

तेव्हा पोक्सो नव्हता, आज आहे. पण संघटनेच्या डोक्यावर बसलेला माणूस आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असतो, हे कुठे बदललंय? २०२० मध्ये इंडियन एक्सप्रेसने माहितीच्या अधिकारातून काढलं होतं : भारतीय क्रीडा प्राधिकरणात दहा वर्षांत लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी, त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध. काहींना शिक्षा काय, तर पगारात थोडी कपात.

रणगाडा

आणि जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर पोरींचं विसरलात वाटतं? सोयीस्कर! कोणत्या पक्षाचा खासदार होता ते लिहा की.  [...]

व्यवस्थापक

रणगाडा यांच्या प्रतिसादातला काही भाग काढला आहे. २०२३ च्या आंदोलनाचा संदर्भ विषयाला धरून आहे, शिव्या नाहीत. त्या प्रकरणात प्रौढ कुस्तीगिरांच्या तक्रारींवर कुस्ती महासंघाच्या माजी अध्यक्षांविरुद्ध २०२४ मध्ये आरोप निश्चित झाले, आणि अल्पवयीन तक्रारदाराशी संबंधित पोक्सोचा खटला पोलिसांच्या अहवालानंतर २०२५ मध्ये न्यायालयाने बंद केला. इतकं नोंदवून पक्षीय चर्चा इथे थांबवावी. या धाग्यावर पालक मदत मागत आहेत.

नवे_खाते

इथे लिहायला आजच खातं काढलं. नाव, गाव, खेळ सांगणार नाही.

माझ्या बाबतीत घडलं. मी तेव्हा सहावी-सातवीत होतो. तपशील देणार नाही, कुणी विचारूही नये. एवढंच सांगायला आलोय की त्यानंतर मी खेळ सोडला आणि घरात एकानेही का म्हणून विचारलं नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं, आता अभ्यास करील. ज्या पोराला पहाटे उठवावं लागत नव्हतं, जो पावसातही किट घेऊन पळायचा, तो एका आठवड्यात म्हणतो मला नाही जायचं. त्या वेळी बाबांनी नुसतं जवळ बसवून 'काय झालं रे' म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, माहीत नाही. पण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर बहुतेक सांगितलं असतं.

मारणं, घाबरवणं असं काही नव्हतं. तो माणूस मला सगळ्यात जास्त आवडायचा. म्हणून 'वाईट माणसांपासून सावध राहा' हे मुलांना सांगून काही होत नाही. मला तो वाईट वाटतच नव्हता.

उत्तरं दिली नाहीत तरी चालेल.

लाल माती

भावा, वाचलं.

सायंतारा

वाचलं. लिहिल्याबद्दल आभार मानणं फारच थिटं आहे, तरी मानते.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून. माझा मुलगा इथे गल्लीतल्या साध्या फुटबॉल क्लबात जातो, रविवारी चिखलात लोळणारी पोरं, बाकी काही नाही. तरी क्लबाचा एक कल्याण अधिकारी असतो, त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी पालकांच्या हातात येतो. तो कोच नसतो, हे महत्त्वाचं. प्रत्येक कोचची सरकारी पार्श्वभूमी तपासणी झालेली असते. मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीत मोठा माणूस एकटा जात नाही.

हे शहाणपण इथे आपोआप आलेलं नाही. बॅरी बेनेल हा क्रू अलेक्झांड्रा क्लबाचा तरुण खेळाडू हेरणारा नामांकित कोच. त्याच्या घरी गेमची मशिनं, पूल टेबल, पाळलेलं माकडसुद्धा. पोरं त्याच्याकडे राहायला हट्ट धरायची आणि आईबाप खुशीने पाठवायचे. २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड हा माजी खेळाडू नाव-चेहऱ्यानिशी बोलला, मग एकामागून एक पुरुष पुढे आले, चाळिशी-पन्नाशीचे. २०१८ मध्ये बेनेलला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या ५० गुन्ह्यांसाठी ३१ वर्षं शिक्षा झाली, २०२३ मध्ये तो तुरुंगातच मेला. २०२१ च्या चौकशी अहवालात फुटबॉल संघटनेवर स्पष्ट ठपका आहे : १९९५ मध्ये धोका पुरेसा कळलेला असताना २००० पर्यंत मुलांच्या सुरक्षेची नीट पावलं उचलली नाहीत. पुढे २०२२ मध्ये कायदाही बदलला, आता १६-१७ वर्षांच्या खेळाडूशी कोचने लैंगिक संबंध ठेवणं हा तिच्या किंवा त्याच्या संमतीने असला तरी गुन्हा आहे.

भारतात हे सगळं एका रात्रीत येणार नाही, पण 'कोच नसलेला एक माणूस, ज्याला मुलं आणि पालक फोन करू शकतात' ही गोष्ट बिनखर्चाची आहे. एखाद्या निवृत्त शिक्षिकेलाही करता येईल.

वकीलीण

उत्तम सूचना. आपल्याकडे २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झालाय, त्यात महासंघांनी महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण आणणं अपेक्षित आहे. पण ते गल्लीतल्या अकादमीपर्यंत झिरपायची वाट बघत बसू नका. शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, बदलापूरच्या घटनेनंतर शासनाने त्यावर पुन्हा आदेश काढले. शाळेच्या मैदानावर भाड्याने चालणाऱ्या खासगी अकादमीला मात्र वाटतं की आपण त्यात येत नाही. मैदान शाळेचं असेल तर मुख्याध्यापकांना पत्राची प्रत जरूर द्या. भाडेकरारात अट घालणं त्यांच्या हातात आहे.

सायंतारा

सगळ्यांचं वाचून आम्ही पाच पालकांनी मिळून पत्र दिलं. एकटीने दिलं असतं तर 'ती भांडखोर बाई' झाले असते. पाच सह्या असल्या की विनंती होते. मसुदा इथे टाकते, कुणाला उपयोगी पडला तर :

'आमच्या पाल्यांची राज्य स्पर्धेसाठी निवड झाली याचा आनंद आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पुढील बाबी लेखी कळवाव्यात. निवासाचा पत्ता व खोल्यांची यादी. मुलींसोबत मुक्कामास असणाऱ्या महिला व्यवस्थापकांचे नाव व नंबर. प्रशिक्षक व मुले वेगवेगळ्या खोल्यांत राहतील याची खात्री. प्रशिक्षक, व्यवस्थापक व वाहनचालक यांच्या पोलीस पडताळणीची तारीख. दोन पालक स्वखर्चाने त्याच गावी मुक्काम करतील, सरावात लुडबुड करणार नाहीत. यापुढे मुलांना सूचना केवळ ग्रुपवर द्याव्यात.'

मेसेजबद्दल सरांचं नाव कुठेही घातलं नाही. नियम सगळ्यांना.

सर दोन दिवस बोलले नाहीत. मग सचिवांनी बोलावलं. मुक्काम मंगल कार्यालयात, एका हॉलमध्ये मुलगे, एका हॉलमध्ये मुली, मध्ये पडदा, असा बेत होता! आता मुलींसाठी वेगळ्या लॉजवर दोन खोल्या आणि एका माजी खेळाडू ताईंचं नाव ठरलंय. पालक चालतील, पण मैदानाच्या कडेला बसायचं, ओरडायचं नाही. हे मला मान्य आहे, कारण आमच्यातले काही जण खरंच ओरडतात. पडताळणी मात्र कुणाचीच झालेली नाही. 'करून घेऊ' म्हणाले.

ज्या आईने मला आधी नको म्हटलं होतं तिने सही केली नाही. पण काल विचारत होती, तुमच्यासोबत लॉजवर जागा आहे का.

मुलीला मी काय सांगितलं ते विचारलं होतं कुणीतरी व्यक्तिगत निरोपात. सांगितलं की मोठ्या माणसाने 'घरी सांगू नकोस' म्हटलं की ते घरी सांगायचंच, चांगलं असो वा वाईट, आणि त्यापायी खेळ बंद होणार नाही. ती म्हणाली, 'मग वाढदिवसाचं सरप्राइज?' ते सोडून, म्हटलं.

मैत्रेयी

मध्ये पडदा!! धन्य आहे.

खडूस काका

पत्राची भाषा चांगली आहे. आमच्या वेळच्या सरांनीही यावर खुशीने सही केली असती. थोरल्याच्या मुलाला यंदा पोहायला घातलंय. तिथे हेच पत्र देतो. कपडे बदलायच्या खोलीचं कलम मात्र जोडावं लागेल, तिथे मोठे सभासद आणि पोरं एकाच वेळी एकाच खोलीत असतात. लहान मुलांच्या बॅचला वेगळी वेळ मागू का?

मैदानी

काका, मागाच. वेळ वेगळी नसेल तर खोलीच्या दाराशी बॅच सुटताना एक पालक बसवा, रोज पाळी लावून. आणि आत मोबाइल काढायचा नाही ही पाटी लावायला सांगा, आत्ताच.

वकीलीणबाई, मला एक सांगा. माझ्याकडे दोन सहायक आहेत, एक बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) होऊन नुकताच आलाय. पडताळणी नेमकी कशी करायची?

वकीलीण

महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून चारित्र्य पडताळणीचा अर्ज होतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तुमच्या संस्थेचं पत्र जोडायचं, फी भरायची. अर्ज त्या व्यक्तीने स्वतः करायचा, प्रमाणपत्राची प्रत तुम्ही फाइलला लावायची आणि ठरावीक काळाने नवी मागायची.

पण त्यावर फार विसंबू नका. त्यात दिसतात फक्त नोंदलेले गुन्हे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी होतं काय, की तक्रार आली की पदाधिकारी राजीनामा लिहून घेतात, निरोपाचा नारळ देतात आणि चांगलं शिफारसपत्रही देतात. तो माणूस पुढच्या तालुक्यात नवी बॅच सुरू करतो, कागद कोरा. म्हणून शिफारसपत्र वाचून थांबू नका. आधीच्या क्लबला स्वतः फोन करा, शक्यतो सचिवाला नाही, तिथल्या दुसऱ्या कोचला किंवा पालकाला. आणि 'कसा आहे हो?' असं मोघम विचारू नका. विचारा, 'हा उद्या परत आला तर मुलांची बॅच द्याल का?' आणि उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, तेही ऐका.

मैदानी

नव्या पोराच्या आधीच्या क्लबचा नंबर आहे माझ्याकडे. संध्याकाळच्या बॅचआधी लावतो.